डब्यावरचं निळं झाकण

९ ऑगस्ट

डब्याच्या छतावरचं झाकण गेलं एकदाचं. काल चॉकी, म्हणजे रेशमाच्या बारक्या अळ्या, शेतकऱ्यांना वाटून आले, आज ट्रे धुवायला काढले तर वरच्या ट्रेमधला पेपर ओला गच्च. वर चढून झाकणाला हात लावला तर बिस्किटासारखा तुकडाच हातात आला. बिजागरी कवाच गेली होती, मी सुतळी बांधून चालवत होते. हा डबा, म्हणजे जीपच्या मागं जोडायची बंद ट्रॉली, आधी एका बेकरीवाल्याची. झाकण त्याच्याच काळातलं. ऊन खाऊन खाऊन खडखडीत झालं होतं.

मामांना सांगितलं. खाटेवरूनच म्हणले, पत्रा ठोक वरून. सासरे असले तरी रेशमातले गुरू तेच. अर्ध्या तालुक्याला अळ्या पाळायला त्यांनी शिकवलं. आता त्यांनाच मी सांगायचं का, की बंद डब्यात अळ्या घुसमटतात म्हणून? सांगितलं. अन् भोक उघडं ठेवलं तर पाऊस येतो, अळ्यांवर अंडी घालणारी उझी माशी येते, तेही सांगितलं. मग म्हणले, "बघ मग तुझं तू. न्हाई जमलं तर डबा उभा करू. शेतकरी येऊन नेतील हितून आपापली चॉकी."

डबा उभा म्हणजे मी उभी. महिन्यातून दोन दिवस तांदळाएवढ्या अळ्यांचे ट्रे मागं घालून मी बोरी, जिंतूर, चारठाणा करते. तेवढेच दोन दिवस माझे. बाकीचे सगळे ह्या घराचे. मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, हे पुण्याला कंपनीत, ठेवलेला ड्रायव्हर गाडी अशी आदळायचा की अळ्या ट्रेमधून खाली पडायच्या. म्हणून किल्ली माझ्याकडं आली. तीही "गणेश येईपर्यंत" ह्या बोलीवर. गणेश म्हणजे आमचे हे. येतात दिवाळीला, जातात भाऊबीजेला.

झाकण बदलायचंच. पुढच्या बॅचच्या आत.

११ ऑगस्ट

जिंतूरला युसूफभाई बॉडीवाल्याकडं गेले. ट्रकचे पत्रे ठोकण्यात तालुक्यात एक नंबर, वेळ पाळण्यात शेवटचा. डब्यावर चढला, भोक विती-बोटानं मोजलं, तुटका तुकडा उलटासुलटा केला. "हितं नै मिलता बाजी. नांदेडसे मंगाना पडता." आठ दिवस म्हणला. म्हणजे पंधरा धरायचे.

परत येताना सरळ रस्ता सोडून उगंच फिरून आले. काही काम नव्हतं. काच खाली, पदर खोचलेला, कापूस गुडघ्याएवढा आलाय दोन्ही अंगांनी. शेताशेतात पाठीवर पंप अडकवून फवारणीवाले. वास डोक्यात जातो, पण ह्या दिवसांत सगळ्या जिल्ह्यालाच तो वास असतो. नाकं मेलीत आपली.

घरी आले की मामांचा ठरलेला प्रश्न. मीटर किती झालं? त्यांना दिसत नाही, पण हिशेब तोंडपाठ. खरं तेच सांगितलं. म्हणले, जास्तीचं कुठलं? म्हणलं, पुलाचं काम चालू आहे, वळून यावं लागलं. खोटं. पूल दोन वर्षांपासून तसाच पडलाय, त्याच्याकडं कुणी बघितलं नाही अन् आज तो माझ्या कामाला आला.

१५ ऑगस्ट

अंडी फुटली. कोवळा पाला चिरून चिरून मनगट गेलं. माझी लेक गुड्डी शाळेतून झेंडावंदन करून आली ती थेट शेडच्या दारात. खिशात पूजेची उदबत्तीची काडी हाय म्हणली तर मामांनी बाहेरच थांबवलं. शेडमध्ये वास चालत नाही. पावडर नाही, अत्तर नाही, तंबाखू तर नाहीच. लग्न होऊन आले तवा डोक्यातल्या गजऱ्यासकट मलाही दारातून परत पाठवलं होतं. हात धुतल्याशिवाय कलेक्टर आला तरी आत घेणार नाहीत. ह्या एका गोष्टीसाठी मामांना मानते मी, खोटं कशाला बोलू.

ह्यांचा फोन. झाकणाचं सांगितलं. म्हणले, एवढा कशाला जीव काढतीस, बालाजी रिकामाच आहे, त्याला दे गाडी, तू घरी आराम कर. बालाजी म्हणजे चुलत दीर. मोबाइल बघत बैल धुणारा माणूस.

आराम म्हणे. आत्यांचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे, मामांचे डोळ्यांचे थेंब, पाला, भाकरी, भांडी, अन् दुपारी उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "जेवला का" विचारणे. एवढा आराम सोसवत नाही मला.

१८ ऑगस्ट

युसूफभाईचा फोन. नांदेडची गाडी आली, झाकण नाही आलं. "कल पक्का."

सकाळपासून झड. ताडपत्री बांधायला डब्यावर चढले. गल्ली सगळी बाहेर. आत्या खालून, "उतर गं, लोक बघायलेत." मामा खाटेवरून, "कोण चढलंय? ती चढली का? उतरव तिला." मी सावकाश चारी कोपरे बांधले. वरून आमची तुती दिसते, वेशीवरचा पिंपळ दिसतो, अन् जिंतूरचा रस्ता पार मोडावरून खाली उतरेपर्यंत दिसतो. एक एसटी चालली होती. ती दिसेनाशी झाली मग उतरले.

२१ ऑगस्ट

आज नवलच झालं.

तुतीतून आले तर मामा डब्याजवळ, कपाळाला घाम, उजव्या बोटाला चिंधी. डब्यावर झाकण! निळं, प्लास्टिकच्या कॅनचं कापलेलं. चारी बाजूंनी खाली वळवून वारा जायला फटी ठेवलेल्या, स्क्रू मारलेले, कडेनं एम-सील दाबलेलं. आतून उझीची जाळीसुद्धा. दिसत नसताना सगळं हातानं चाचपून केलं. शेजारच्या विठ्ठलला वर चढवून खालून सांगत होते म्हणे.

"घे तुझं झाकण. नांदेडला जायलीस." दोन वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

विचारलं, कॅन कुठली? म्हणले, आपली ब्लीचिंगची, मागं पडली होती, राखेनं तीनदा घासून घेतली. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. म्हाताऱ्याला मी गाडीवर जावं असं वाटतं तर, हे मनात आलं. रात्रीच्या जेवणाला त्यांच्या ताटात तूप जास्त वाढलं. आत्यांनी बघितलं.

२३ ऑगस्ट

बॅचचा दिवस. पहाटे ट्रे भरले. शेवटी उतरायचे ते आत, पुढच्या अंगाला, बरोबर झाकणाखाली. आधी उतरायचे ते दाराशी.

पावसानं उघडीप दिलेली, ऊन कडक. बोरीत एकाची शेडच धुतलेली नव्हती, त्याचं आवरेपर्यंत डबा दुपारच्या उन्हात उभा. मी चिडले. तो म्हणला, ताई तुमी चहा घ्या, चिडू नका. चहानं शेड धुतली जाती का?

जिंतूर सोडलं अन् मग बरं वाटलं. त्या रस्त्याला लागलं की मी गाणं म्हणते. कुणाला माहीत नाही. आता वहीला माहीत झालं.

सगळ्यात शेवटी चारठाण्याच्या अलीकडं सुभद्रामावशी. नात्यातली नाही, गिऱ्हाईक. पण त्या घरी मी पाय पसरून बसते, हे दुसरीकडं कुठं जमत नाही. मालक शिक्षक होते, गेले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो अन् त्यांचा, शेजारी शेजारी. तिची तुती ह्याच वर्षाची, बॅच पहिलीच. दोघं पोरं म्हणतात उपटून सोयाबीन टाकू. मावशीनं सांगितलं, माझी एक बॅच निघू द्या, मग तोंड उघडा. ट्रे उतरवताना एकेका ट्रेला ती वाकून बघत होती. म्हणली, "रेखा, ह्यांचा आवाज येतो म्हणं पाला खाताना? पावसासारखा?" म्हणलं, येतो, मोठ्या झाल्या की येतो.

उशिरा घरी. मीटर विचारलं. सांगितलं. जास्तीचं काहीच नव्हतं आज.

२५ ऑगस्ट

मावशीचा फोन. अळ्या डोकं वर करून हलवायल्यात, हिरवं ओकायल्यात, अंग आखडलंय.

ही लक्षणं विषाची. मामांनीच शिकवलंय मला. त्यांना सांगितलं तर म्हणले, फवारणीचा वारा लागला असल पाल्याला, तिच्या शेजारी कापूस हाय का विचार. विचारलं. शेजारी पडीक आहे. कापूस लय लांब.

मामांकडं गाडी मागितली. "गाडी बॅचला हाय, फिरायला न्हाई."

२६ ऑगस्ट

एसटीनं गेले. शेडमध्ये पाय ठेवला अन् नाकाला पदर लावावा लागला. सगळा लॉट गेला. बेडवर काळ्या वाती पडल्यासारख्या. मावशी बाजूला बसली होती, खुर्चीवर नाही, खुर्चीशेजारी खाली. मला बघून उठली. चहा केला. तो चहा प्यायला लय जड गेलं.

थोरला पोरगा मात्र बोलला. माझ्याकडं न बघता, आईशी बोलतोय असं दाखवून. "बाई माणूस गाडी आणतंय. कोणत्या दिवसांत आणतंय, कुणाला ठाऊक."

मावशी म्हणली, "तुझा बाप असता तर ह्या वाक्याला मुस्कटात मारली असती त्यानं." पोरगा बाहेर गेला. पण वाक्य शेडमध्ये राहिलं.

बोरीवाल्यांना बसमधूनच फोन केले. त्यांच्या अळ्या टकाटक. मग माझ्याच डब्यातून मावशीच्याच कशा गेल्या?

२७ ऑगस्ट

वाक्य माझ्या आधी घरी पोचलं. बोरीच्या बाजारातून.

आत्या चुलीपाशी आल्या, आवाज खाली करून, "खरं सांग, तेवीस तारखेला तुझी अडचण व्हती का?"

बारा वर्षं झाली ह्या घरात. कोणत्या दिवशी मी पाण्याच्या माठाला शिवत नाही ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणलं, नव्हती. त्यांनी बोटं मोजली. माझ्यासमोर, बोटांवर, मोजली! तळपायाची आग मस्तकात गेली. हातातलं पीठ परातीत आपटलं अन् मागच्या दारी जाऊन उभी राहिले. पुढं कुठं जाणार. मागच्या दाराला पण भिंतच आहे.

जेवताना मामा, "पुढची बॅच बालाजी नेईल." एवढंच. मी ताट घेऊन उठले.

२९ ऑगस्ट

हे नीट लिहायचं.

पुढच्या बॅचच्या आधी डबा ब्लीचिंगनं धुवायचा असतो. गाडी बालाजी नेणार, पण धुणार मी. बादली घेऊन आत गेले. वाऱ्यानं दार आपटलं अन् बाहेरची कडी पडली. त्या दाराला आतून काहीच नाही, माल काय आतून दार उघडतो होय. ठोकलं, हाका मारल्या. आत्या देवळात, मामा खाटेवर, कानाशी रेडिओ. ऊन वर आलेलं. ब्लीचिंगची बादली अजून कोरडीच होती, झाकण लावलेली.

आधी घाबरले. मग खाली बसले. मग हसूच आलं. बाहेर तरी कुठं मोकळी होते?

मग वास आला. आधी ब्लीचिंगचाच वाटला. पण तो नाही. गोडसर, उग्र, घशात बसणारा. डबा तापत गेला तसा वाढत गेला. फवारणीचा वास. शेतातनं येतोय म्हणावं तर वारा पडलेला. वर बघितलं. ऊन झाकणातून निळं होऊन खाली पडत होतं, अन् प्लास्टिकमध्ये एक सावली दिसत होती. राखेनं घासून वरचा रंग गेला तरी उजेड मागून आला की छपाई दिसते. टोकावर उभा चौकोन, मधून दुभागलेला. बाजूला कवटी.

ती विषाची खूण ह्या जिल्ह्यात लेकराला पण कळते.

मामांनी ब्लीचिंगची म्हणून फवारणीची कॅन उचलली. दोन्ही निळ्या, दोन्ही मागच्या भिंतीला, फवारणीची बालाजीच्या कापसाची. डोळ्यांनी दिसत नाही अन् नाक आयुष्यभर ब्लीचिंग हुंगून गेलेलं. बोरीवाल्यांच्या अळ्या दाराशी होत्या, लवकर उतरल्या. मावशीच्या शेवटपर्यंत, भर उन्हात, त्या झाकणाच्या बरोबर खाली.

दार मामांनीच उघडलं. ठोकलेलं ऐकू आलं एकदाचं. "आत काय करायलीस? वर बघितलं का, एक थेंब गळत न्हाई." मी त्यांच्या बोटाची चिंधी बघत बसले. मळमळत होतं, डोकं दुखत होतं. संध्याकाळी उलटी झाली. आत्यांनी वेगळाच अर्थ काढला अन् लिंबू आणून दिलं.

३० ऑगस्ट

सांगावं तर.

उदबत्तीच्या काडीसाठी नातीला दारात थांबवणारा माणूस. अर्धा तालुका ज्याच्या पाया पडतो. त्यानं स्वतःच्या हातानं चॉकीच्या डब्याला विषाची कॅन बसवली. हे कळलं तर मामा संपले. अन् मी म्हणलं तर विश्वास कोण ठेवणार? गाडी गेली म्हणून सून म्हाताऱ्यावर घालायली, असंच म्हणतील.

न सांगावं तर मावशीची तुती जाणार, गाडी जाणार, अन् आयुष्यभर मी विटाळाची.

आज दोघं पाहुणे आले होते. मामांनी त्यांना डब्यापाशी नेऊन झाकण दाखवलं. पाहुण्यांनी वाहवा केली. मी चहाचा ट्रे धरून उभी.

१ सप्टेंबर

नवी बॅच फुटली. अन् युसूफभाईचा फोन, झाकण आलं! मामांना सांगितलं. "आता कशाला? हाय की झाकण. नको म्हण त्याला."

ह्यांना फोन लावला. सगळं सांगितलं, कवटीसकट. मग म्हणले, "दादांना सांगू नको. ह्या वयात त्यांना सहन व्हायचं न्हाई. ते झाकण गुपचूप काढून टाक. मी दिवाळीला आलो की बघू."

म्हणलं, अन् माझ्यावर जे आलंय त्याचं काय? म्हणले, "लोक विसरतात गं."

लोक विसरतात! वडील तुमचे, गाव तुमचं, अन् विटाळ तेवढा माझा. हे फोनवर म्हणायचं होतं. फोन ठेवल्यावर सुचलं, नेहमीसारखं.

३ सप्टेंबर

शाळेत पालकसभा आहे म्हणून सांगितलं अन् एसटीनं जिंतूर. युसूफभाईनं झाकण कागदात बांधून दिलं. पांढरं, जाड, बिजागरीचं. म्हणला, जुना चिकटा रॉकेलनं पूस. म्हणलं, रॉकेल नको, वास राहतो. सुरीनं खरवडीन. सिलिकॉनची नळी पण दिली, तिचा आंबट वास दोन दिवसांत उडतो म्हणला. म्हणजे बॅच निघायच्या दोन दिवस आधी बसवलं पाहिजे. येताना बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. शेजारची बाई म्हणली, पाटा हाय का? म्हणलं, हो.

पाल्याच्या खोलीत पोत्याखाली ठेवलंय.

संध्याकाळी मावशीचा फोन. पोरांनी ट्रॅक्टर सांगितलाय. पोळा झाला की तुती उपटणार. मग म्हणली, "रेखा, तुला काही ठाऊक हाय का? तुझ्या आवाजावरून वाटायलंय मला."

म्हणलं, मावशी, ट्रॅक्टर थांबव. एक बॅच अजून घे, माझ्या भरवशावर. कशानं गेल्या ते मी तिथं येऊन सांगते, तुझ्या पोरांसमोर.

म्हणली, बरं. एवढंच म्हणली. आता मी बांधले गेले. आधी काय मोकळी होते, पण आता माझ्या तोंडानं.

५ सप्टेंबर

केलं.

दुपारी, सगळ्यांसमोर. लपून काढलं असतं तर ह्यांचं ऐकल्यासारखं झालं असतं. डब्यावर चढले, पाना अन् सुरी घेऊन. निळ्या झाकणाचे स्क्रू काढले. एम-सील लय घट्ट बसवलं होतं मामांनी, चांगलं काम होतं, ते तोडताना वाईट वाटलं. आत्या ओरडायल्या. मामा काठी टेकत आले, चाचपत डब्याला हात लावून उभे राहिले.

"काय काढायलीस?"

मी खाली वाकून ते झाकण त्यांच्या हातात दिलं. सकाळपासून उन्हात तापलेलं. म्हणलं, "मामा, नाकाला लावा."

"कशाला?"

"लावा."

लावलं. पहिल्यांदा काहीच नाही. मग परत लावलं, लय वेळ. मग अंगठ्यानं आतली बाजू चाचपली, घासली, अंगठा नाकाशी नेला. चेहऱ्यावरचं सगळं खाली उतरल्यासारखं झालं. तिथंच चाकापाशी खाली बसले.

मी वर उभी. उतरावं की काम पुरं करावं कळंना. मग जुना चिकटा खरवडला, सिलिकॉन फिरवलं, नवं झाकण बसवलं, स्क्रू आवळले. एक ढिलाच राहिला, त्याचं भोक मोठं झालंय. मी उतरेपर्यंत मामा तिथंच.

मग विचारलं, "कुणाकुणाला सांगितलंस?"

"ह्यांना."

"अन् सुभद्राबाईला?"

"अजून न्हाई."

मामा निळं झाकण काखेत धरून खोलीत गेले. दार लावून घेतलं. त्या दाराला आतून कडी आहे.

६ सप्टेंबर

मामा जेवले नाहीत. पाहुणे आले होते, भेटले नाहीत. आत्या माझ्याकडं बघतात अन् मान वळवतात. त्यांना सगळं कळलंय का अर्धं, ते कळत नाही. माठातलं पाणी मात्र आज त्यांनीच तांब्यात काढून मला दिलं.

शेडमध्ये दोन्ही वेळा पाला मीच टाकला. अळ्या कात टाकायला बसायल्यात. त्यांना बरं आहे.

मला वाटलं होतं सांगितलं की सुटेन. सुटले नाही. घरात मढं पडल्यासारखं वाटायलंय, अन् मीच आणून ठेवलंय असं.

८ सप्टेंबर

उद्या बॅच निघणार. बालाजी नवा शर्ट घालून येऊन गेला, किल्ली कुठं म्हणून. आत्या म्हणल्या, मामांना विचार. मामांनी खोलीतूनच सांगितलं, उद्या बघू. सिलिकॉनचा वास गेलाय. डब्यात दार लावून (गुड्डीला बाहेर कडीपाशी उभं करून!) बसून बघितलं. कसलाच वास नाही. पांढरा उजेड पडतो आता.

९ सप्टेंबर

जिंतूर, युसूफभाईच्या दुकानात. घाईत लिहिते. तो ढिला स्क्रू वर बडबडत आवळतोय.

पहाटे ट्रे भरले. बालाजी आला. मामा खोलीतून बाहेर आले, अंघोळ केलेले, धोतर बदललेलं. हातात पोतं. बालाजीला म्हणले, तू जा घरी. किल्ली माझ्या हातावर ठेवली अन् चाचपत जीपच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. गेल्या दोन वर्षांत मामा ह्या गाडीत बसले नव्हते. पोतं पायांत. पोत्यात काय आहे ते मला त्याच्या आकारावरून कळलं.

बोरीत माणसं नमस्काराला आली. मामा खाली उतरले नाहीत. मी ट्रे उतरवले. एकानं विचारलं, तुमी कसे काय आज मामा? ते पोत्यावर हात ठेवून होते. पुढच्या रस्त्याला आज गाणं नाही, अर्थात.

जिंतूर आलं तसं म्हणले, "येलदरीकडून घे."

येलदरी एकीकडं, चारठाणा एकीकडं. येलदरीला धरण आहे. पोतं बुडेल एवढं पाणी आहे. दुसरं काही नाही.

मी गाडी युसूफभाईच्या दारात लावली. म्हणलं, "मामा, मागं अळ्या हायत. ऊन चढायच्या आत मावशीकडं पोचायचंय. तिची दोन्ही पोरं थांबलीत."

"मग मला हितंच उतरव. एसटीनं जातो मी."

मी उतरले, फिरून त्यांच्या बाजूला गेले, दार उघडलं. राग होता, पण त्यांचा हात धरायला हात पुढं केला होता. त्यांना दिसला नाही, का दिसला, माहीत नाही. उतरले नाहीत.

युसूफभाई म्हणतोय झालं. ऊन पत्र्यावर आलंय. त्यांच्या बाजूचं दार मी उघडंच ठेवलंय. इथून दिसतंय, एक पाय बाहेर काढलाय अन् पोतं छातीशी धरलंय. अजून उतरलेले नाहीत.

ट्रे तापायच्या आत निघावंच लागंल. गाडी चारठाण्याकडंच वळणार. किल्ली लावायला चालले.